धक्का न देणारं रिव्हॉल्व्हर

आमच्या नणंदबाईंना जन्मात एकही वस्तू पहिल्या दुकानात पसंत पडलेली नाही, आणि त्यांच्याबरोबर दुसऱ्या दुकानात जायला तयार असलेली बाई अख्ख्या नाशकात एकच आहे. ती मी. तयार आहे असं तरी कसं म्हणू. माझ्याकडे स्कूटर आहे, मला नाही म्हणता येत नाही आणि त्या माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण आहेत, म्हणून अडकले आहे. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी इन्स्पेक्शन खात्यात काढली. म्हणजे दुसऱ्यांनी घाम गाळून बनवलेला माल हातात घ्यायचा, उजेडाकडे धरायचा, व्हर्नियर नावाच्या मापपट्टीनं मापायचा आणि 'रिजेक्ट' म्हणून बाजूला टाकायचा. ह्या कामाचा दरमहा पगार मिळत असेल तर कुणाचा स्वभाव सुधारेल? निवृत्त होताना कारखान्यानं त्यांना चांदीचा गणपती दिला. त्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा जाड आहे हे त्यांनी तिथंच, गळ्यात हार असताना, मॅनेजरसाहेबांना सांगितलं. व्हर्नियर अजून त्यांच्या पर्समध्ये असतो. माझी भाकरी कडेला जाड आणि मध्ये पातळ होते हे मला कुणी कधी बोललं नव्हतं. ताईंनी ते मापून दाखवलं. मला पाहायला आले होते तेव्हासुद्धा त्या सासूबाईंच्या कानात म्हणाल्या होत्या, "बाकी ठीक आहे, थोडं रिवर्क लागेल." पोह्यांच्या बशा घेऊन उभ्या असलेल्या माझ्या आईनं ते ऐकलं. रिवर्क म्हणजे काय हे तिला कळलं नाही, म्हणून आमचं लग्न झालं.

ताईंचा सगळ्यात मोठा राग धक्क्यावर. यंत्रानं आपलं काम मुकाट्यानं करावं, हाताला कळू देऊ नये, असं त्यांचं म्हणणं. मिक्सर घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी दुकानातले सगळे मिक्सर चालू करायला लावले आणि प्रत्येकाच्या झाकणावर तळहात ठेवून डोळे मिटून उभ्या राहिल्या. दुकानदाराला वाटलं बाई काही मंत्रबिंत्र म्हणतायत. त्यानं घाबरून सूट दिली. रिक्षात बसायच्या आधी त्या रिक्षावाल्याला गाडी जागच्या जागी सुरू करून दाखवायला सांगतात आणि थरथरली की पुढची रिक्षा. कॉलेज रोडला भर उन्हात आम्ही अशा किती रिक्षा परत पाठवल्या त्याचा हिशेब नको. शेवटी चालत गेलो. मी मागून पिशव्या ओढत होते आणि ताई पुढून म्हणत होत्या, "बघ सुनंदा, पायांना धक्का नसतो."

आता ह्याच बाईंनी उतारवयात रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरवलं. उडालं की धक्का द्यायचा हा ज्याचा धर्मच, ती वस्तू. मी ऐकलं तेव्हाच मला थकवा आला.

पण त्याला कारण होतं, आणि ते कारण हसण्यासारखं नव्हतं. मखमलाबादच्या पुढे ताईंचं घर आणि घराभोवती गुलाबाचा मळा आहे. दाजी, म्हणजे ताईंचे यजमान, गेले तेव्हापासून त्या तिथं एकट्या राहतात. मूलबाळ नाही. आजूबाजूचे मळे बिल्डरांनी घेतले आणि अर्धवट इमारती उभ्या करून ठेवल्या. संध्याकाळ झाली की त्या बाजूला माणूस दिसत नाही. एकदा भर दुपारी, फुलं तोडणाऱ्या बाया जेवायला गेल्या असताना, दोन माणसं फुलांचा भाव विचारत आली. एकानं बोलता बोलता ताईंच्या गळ्यातल्या चेनला हात घातला. ताईंनी त्याचा हात धरला. त्यानं ताईंचं मनगट पिरगाळलं. तेवढ्यात दूधवाल्याची मोटारसायकल वळली म्हणून ते पळाले. चेन वाचली, मनगट गेलं. प्लास्टर निघाल्यावरही त्या हातानं ओला टॉवेल पिळता येईना. ताईंनी आम्हाला सगळा प्रकार सांगितला तो एखाद्या खराब मालाबद्दल सांगावा तसा, त्या माणसाच्या हाताची पकड कशी चुकीची होती वगैरे. पण बोलता बोलता त्या दोनदा उठून दाराची कडी बघून आल्या.

आमच्या ह्यांनी त्याच दिवशी सांगून टाकलं, "ताई, जागा विक आणि आमच्याकडे ये. बिल्डर दारात उभा आहे."

"दारात उभा राहील त्याला घर देत सुटले तर कसं व्हायचं?" ताई म्हणाल्या.

"मग सोबतीला कुणीतरी ठेव. तू इथं एकटी राहिलीस तर मला झोप लागणार नाही. दिवाळीपर्यंत सोबत बघ, नाहीतर मी स्वतः टेम्पो घेऊन येतो सामान न्यायला." आमचे हे बोलतात कमी, पण बोलले की करतात. ताईंना ते माहीत होतं. त्या घरातली प्रत्येक वीट दाजींनी आणि त्यांनी मिळून भट्टीवर जाऊन निवडली होती, आणि ज्या भट्टीवर ताई गेल्या तिथं त्या दिवशी काय झालं असेल ते तुम्हीच समजा. ते घर सोडायचं म्हणजे त्यांच्या लेखी मरण होतं.

सोबतीची शोधाशोध सुरू झाली. भाडेकरू बघितले, एक घोरणारा वाटला, एक फार हसतमुख वाटला. दोघेही रिजेक्ट. कुत्रा आणला. तो प्रेमानं अंगावर उडी मारायचा, म्हणजे धक्का. तोही परत गेला. मग एक दिवस ताईंचा फोन. "सुनंदा, स्कूटर काढ. हत्याराच्या दुकानात जायचंय."

जुन्या नाशकात शस्त्रांचं एक दुकान आहे. मालक शेठ शांत माणूस. परवाना मिळायच्या आधी काही विकत देता येत नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. "विकत कोण मागतंय?" ताई म्हणाल्या. "आधी बघते. पसंत पडलं तर परवाना काढते. साडी न बघता कुणी ब्लाउज शिवतं का?" हा युक्तिवाद ऐकून शेठनी एकेक चीज काचेवर ठेवायला सुरुवात केली. त्यांचं बिचाऱ्यांचं काय चुकलं होतं म्हणा.

ताईंनी आपली अडचण सरळ सांगितली. मनगट अधू आहे. धक्का अजिबात नको. शेठनी आनंदानं एक छोटं, हलकं रिव्हॉल्व्हर काढलं. "हे घ्या. खास लेडीजसाठी. पर्समध्ये मावतं."

ताईंनी ते तळहातावर तोललं. "आणि धक्का?"

शेठ घुटमळले. "हलकं आहे ना ताई. हलक्या हत्याराचा धक्का जास्त लागतो हाताला. जड असलं की तो धक्का स्वतःच गिळतं."

"म्हणजे बायकांसाठी म्हणून हलकं केलं, आणि हलकं केलं म्हणून बायकांना उडवता येईना. हे पास कुणी केलं?"

शेठनी जड काढलं. लांब नळीचं, चांगलं वजनदार. ते ताईंनी समोर धरलं तर हात हळूहळू खाली आला आणि नळी माझ्या पायांकडे वळली. ते रिकामं होतं, पण मी टेबलामागं गेले. मग चापाची परीक्षा. एकाचा चाप इतका कडक की ताईंचं बोट पांढरं पडलं. मग पिस्तूल, त्याचा वरचा भाग एका हातानं धरून मागं ओढावा लागतो, ते त्या मनगटाला जमेना. मग मुठी. एक मूठ जाड, एक बारीक, एक घसरणारी. काडतूस मोठं असेल तर धक्का मोठा, लहान असेल तर लहान. मग लहानात लहान कुठलं? शेठ म्हणाले, "ताई, फार लहान घेतलंत तर समोरच्यावर परिणाम कमी होतो."

ताईंनी हातातलं काचेवर ठेवलं. मग म्हणाल्या, "मला कुणाला मारायचं नाहीये हो. त्यानं निघून जावं, एवढंच."

शेठनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी चहा मागवला. त्या दुकानात पुढं आम्ही इतका चहा प्यालो की चहावाल्याला माझी साखर पाठ झाली.

घरी आल्यावर सराव. हात समोर ताठ धरून वजन पेलायची सवय व्हावी म्हणून ताई एक दुधी भोपळा घेऊन व्हरांड्यात उभ्या राहायच्या, आणि नुसतं बघून मला कंटाळा येऊ नये म्हणून दुसरा भोपळा माझ्या हातात. समोर शेवंतीचा वाफा. येणारे-जाणारे बघायचे. बाजारात भाजी घेतानाही त्या दुधी उचलून, हात लांब करून, एक डोळा मिटून बघायला लागल्या. भाजीवाली मला म्हणाली, "बाईंचं डोकं ठिकाणावर हाय ना?" मी म्हटलं, बाई, आता कुणाकुणाच्या डोक्याचं बघू.

मग परवान्यासाठी चकरा. अर्ज, फोटो, दाखले, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी. शेजारी कोण, तर अर्धवट इमारतींचे वॉचमन. त्यांनी ताईंबद्दल चांगलंच सांगितलं, कारण ताई त्यांना सणाला पुरणपोळ्या द्यायच्या. शेवटी एका साहेबांपुढं मुलाखत झाली. साहेबांनी विचारलं, "तुमच्या जिवाला धोका कुणापासून आहे?"

"ते माहीत असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते? त्यालाच जाऊन समजावलं नसतं का?" ताई म्हणाल्या. आणि मग पर्समधून व्हर्नियर काढून साहेबांच्या टेबलावरची काच एका कोपऱ्यात किती बसली आहे ते दाखवलं. मला वाटलं गेला परवाना. पण साहेब हसले. दिवाळी उलटून गेली होती; आमच्या ह्यांनी टेम्पोवाल्याशी बोलणंही करून ठेवलं होतं. "परवान्याचं काम चालू आहे" एवढ्या एका वाक्यावर ताईंनी त्यांना होळीपर्यंत थोपवून धरलं, आणि त्या सगळ्या दिवसांत दर शनिवार-रविवारी सोबतीला मी.

प्रत्यक्ष बार उडवून बघितला तो रायफल क्लबच्या रेंजवर. शिकवणारे सर फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी ताईंना पाय कसे ठेवायचे, दोन्ही हातांची मूठ कशी बांधायची, कोपर किती सैल सोडायचं हे धीरानं सांगितलं. आधी हलकं दिलं. बार झाला आणि ताईंचा हात खांद्यापर्यंत वर गेला. त्यांनी ते खाली ठेवलं, मनगट धरलं आणि कानावरचं झाकण काढून म्हणाल्या, "रिजेक्ट." मग मधलं. तेही नको. मग सरांनी बारीक काडतुसाचं, जड नळीचं रिव्हॉल्व्हर दिलं. ताईंनी बार काढला. हात होता तिथंच राहिला. त्यांनी आणखी एक काढला, आणखी एक काढला, आणि माझ्याकडे वळून असं हसल्या की मी त्यांना तसं हसताना दाजी होते तेव्हाच पाहिलं होतं. समोरच्या नेमाच्या कागदाला एकही गोळी लागली नव्हती. पण ताई म्हणाल्या, "हे पास. मिक्सरपेक्षा गुणी आहे." मी खुर्चीवर बसले होते, तिथंच डोळे मिटले. सुटले एकदाची, असं मला वाटलं.

परवाना हातात पडला, शेठकडून तसंच रिव्हॉल्व्हर घरी आलं आणि टेम्पोचं बोलणं थांबलं. दोन चावीचं कपाट केलं. ताई रात्री निवांत झोपू लागल्या, हे फोनवरच्या आवाजावरून कळायचं. दसऱ्याला त्यांनी खुरपं, फुलं छाटायची कात्री, व्हर्नियर आणि रिव्हॉल्व्हर अशी ओळीनं पूजा मांडली. सगळ्यांना सारखं हळदकुंकू, सगळ्यांवर सारख्या अक्षता. रिव्हॉल्व्हरवर जरा जास्तच, नवीन म्हणून. त्यातला तांदळाचा दाणा गोळ्यांच्या चक्रात गेला आणि ते फिरायचं थांबलं. पुन्हा स्कूटर, पुन्हा शेठ. शेठनी ते उघडलं, आतलं कुंकू बघितलं आणि चष्मा काढून पुसत बसले. "ताई," ते म्हणाले, "ह्याला तेल लागतं. कुंकू नाही लागत."

"तुमच्याकडे पूजा नसते का दुकानात?"

"असते. पण आम्ही बाहेरून करतो."

आता सगळं सुरळीत झालं म्हणावं, तर निवडणूक लागली. दुसऱ्याच दिवशी चौकीतले हवालदार फटफटीवरून आले. आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं पोलीस स्टेशनला जमा करायची असतात, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नव्हतं. ताईंना आधी खरंच वाटेना. "निवडणुकीत चोर सुट्टीवर जातात का?" त्यांनी विचारलं. हवालदार भले होते. म्हणाले, "ताई, मला कशाला विचारता. मलाच सुट्टी नाही." रिव्हॉल्व्हर गेलं, पावती आली. संध्याकाळी आमच्या ह्यांचा चेहरा पडलेला. ते काही बोलायच्या आत मीच बॅग भरली. टेम्पोचा विषय परत निघाला असता तर तो मला झेपला नसता.

अशी मी ताईंच्या रिव्हॉल्व्हरची बदली झाले. ते पोलीस ठाण्यात, मी मखमलाबादला. निकाल लागले की ताई पहिल्या दिवशी सकाळीच पावती घेऊन हजर, आणि मी संध्याकाळी आपल्या घरी. पण आपल्याकडे निवडणुका काय एक आहेत? लोकसभा झाली की विधानसभा, मग महापालिकेचं वारं. हत्यार कपाटात कमी आणि ठाण्यात जास्त, अशी गत झाली. मतदान कुणाला करायचं ह्याचा विचार मी कधीच सोडलाय. कधी संपतंय एवढंच बघते. तिथं राहायचं म्हणजे काय ते राहणाऱ्यालाच कळतं. सकाळी सहाला गुलाब तोडायचे, तेही देठाची लांबी सारखी ठेवून. भाकरी मापाची. झाडू मारला तर झाडूची दिशा चुकली. माझे गुडघे बोलायला लागले. ताईंनी तेल आणलं, पण लावताना म्हणाल्या की माझा डावा गुडघा उजव्यापेक्षा सुजलेला आहे, आणि ते खरं होतं. संध्याकाळी कडी लावली की मात्र त्या वेगळ्या व्हायच्या. दाजींच्या गोष्टी काढायच्या, त्याच त्याच, आणि मी त्याच त्याच ठिकाणी हं म्हणायची. कधी मी मध्येच डुलकी काढायची. त्या बोलणं थांबवायच्या नाहीत, फक्त आवाज लहान करायच्या.

परवाची निवडणूकही संपली. निकाल लागले, गुलाल उधळून झाला, रस्ते परत मोकळे झाले. मी बॅग भरून ठेवली. पण ताई काही पावती काढेनात. पहिल्या दिवशी म्हणाल्या, आज तिथं गर्दी असेल. मग म्हणाल्या, आज अमावास्या. मग फुलांची मोठी ऑर्डर आली. मग हवालदारांचा फोनच आला, माझ्या मोबाइलवर. ताईंनी पर्यायी नंबर म्हणून माझा दिला होता. "ताईंना म्हणावं घेऊन जा ते. सगळ्यांनी नेलं, तेवढं एकच राहिलंय."

ताई मळ्यात देठ कापत होत्या. मी फोन हातात धरूनच त्यांना सांगितलं. जरा चिडूनच सांगितलं, कारण घरी आमचे हे रोज खिचडी खात होते आणि मी खरोखर दमले होते. "ताई, चला आता, स्कूटर काढते. एवढं वणवण फिरून निवडलंत ना ते, मग आणायला नको का?"

त्या कापतच राहिल्या. मान वर केली नाही.

"ते आणलं की तू जाशील," त्या म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या. मळ्यात दुसरं कुणी नव्हतं. इतकी वर्षं ह्या बाईनं माझ्यातली खोट तेवढी काढली. माझी भाकरी, माझा झाडू, माझे गुडघे. मला रडू यायला लागलं आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी पाठ फिरवली. फोन अजून चालूच होता. हवालदार हॅलो हॅलो करत होते.

मी त्यांना सांगितलं, "साहेब, ताईंना जरा बरं नाही. आणखी थोडे दिवस राहू द्या ना तुमच्याकडं."

ते म्हणाले, "राहू द्या मग. तसंही पुढच्या निवडणुकीचं बोलणं सुरूच झालंय. उगाच ने-आण कशाला?"

मग मी ह्यांना फोन केला आणि सांगितलं की मला यायला अजून उशीर आहे, खिचडीबरोबर निदान पापड तरी भाजून घ्या. त्यांनी किती उशीर म्हणून विचारलं नाही. ताईंना आता चढावर दम लागतो, माझंही काही वय कमी होत नाही, आणि आमच्या वाट्याला आणखी किती निवडणुका आहेत कोण जाणे.